विद्यार्थी उद्योजक आणि मार्गदर्शक यांना जोडणारा ऑनलाइन मंच : रचना, नियम आणि दक्षता

महाविद्यालयात शिकत असतानाच स्वतःचा उद्योग उभारू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला भांडवल, जागा आणि यंत्रसामग्री यांची चणचण असतेच. परंतु त्याहून मोठी उणीव असते ती अनुभवी माणसाच्या सल्ल्याची. माल किती दिवसांच्या उधारीवर द्यावा, पहिल्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम मागावी की नाही, मित्राबरोबरची भागीदारी कोणत्या टप्प्यावर लेखी करावी, हे प्रश्न व्यापारी कुटुंबात वाढलेल्या मुलाच्या कानावर घरातच पडत असतात. शेतकरी, कामगार किंवा नोकरदार कुटुंबातून आलेल्या पहिल्या पिढीच्या उद्योजकाला मात्र हे प्रश्न कोणाला विचारावेत, येथपासूनच सुरुवात करावी लागते.

ही दरी बुजवण्यासाठी विद्यार्थी उद्योजक आणि अनुभवी मार्गदर्शक यांची गाठ घालून देणारे ऑनलाइन मंच गेल्या काही वर्षांत शासन, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांच्या पुढाकाराने उभे राहिले आहेत. असा मंच तांत्रिकदृष्ट्या तयार करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. नोंदणीचा अर्ज, माहितीचा साठा आणि दृक्‌श्राव्य संभाषणाची सोय थोड्या खर्चात उपलब्ध होते. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. मार्गदर्शकाचा वेळ मोजका असतो आणि विद्यार्थ्याचा विश्वास नाजूक असतो. या दोन गोष्टी जपणारी रचना ज्या मंचाकडे असते तोच टिकतो. इतरत्र केवळ नावांची यादी शिल्लक राहते. अशा मंचाची रचना कशी असावी, त्याला कोणते नियम लागू होतात आणि कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा हा आढावा.

मार्गदर्शक म्हणजे कोण?

मार्गदर्शकासाठी सर्रास वापरला जाणारा 'मेंटर' हा शब्द मुळात एका व्यक्तीचे नाव आहे. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर जाताना घराची जबाबदारी मेंटर नावाच्या मित्रावर सोपवतो. पुढे राजपुत्र टेलेमाकस याला देवी अथेना याच मेंटरचे रूप घेऊन वाट दाखवते. वडीलधाऱ्याने स्वतःच्या लाभाचा विचार न करता तरुणाला साथ द्यावी, हा अर्थ त्या शब्दाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

उद्योगाच्या क्षेत्रात मार्गदर्शक, शिक्षक, सल्लागार आणि गुंतवणूकदार या चार भूमिकांची अनेकदा गल्लत होते. शिक्षक ठरावीक अभ्यासक्रम शिकवतो. सल्लागार शुल्क घेऊन एखादे विशिष्ट काम करून देतो. गुंतवणूकदार पैसे देतो आणि त्या बदल्यात उद्योगात हिस्सा घेतो. मार्गदर्शक निर्णय स्वतः घेत नाही; विद्यार्थ्याने निर्णय घेण्यापूर्वी कोणत्या बाजू तपासाव्यात, हे तो आपल्या अनुभवावरून सांगतो. मंचाची आखणी करताना या चार भूमिकांमधील सीमारेषा पहिल्याच पानावर स्पष्ट केली नाही, तर पुढील बहुतेक तक्रारी याच गोंधळातून उद्भवतात.

भारतातील वाटचाल

तरुणांना उद्योजकतेकडे वळवण्याचे संघटित प्रयत्न देशात चार दशकांहून अधिक काळ सुरू आहेत. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय उद्योजकता विकास संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे ठेवण्यात आले. या संस्थांचा भर प्रामुख्याने प्रशिक्षणावर होता.

एका तरुणामागे एक अनुभवी मार्गदर्शक ही पद्धत भारतात रुजवण्याचे श्रेय मुख्यत्वे भारतीय युवा शक्ती ट्रस्टकडे जाते. ब्रिटनमधील प्रिन्सेस ट्रस्टच्या धर्तीवर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने वंचित घटकांतील तरुणांना कर्ज मिळवून देण्याबरोबरच प्रत्येकामागे एक स्वयंसेवी मार्गदर्शक देण्यास सुरुवात केली. पुणे हे तिच्या कार्यक्षेत्रांपैकी एक आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅलीत भारतीय उपखंडातून गेलेल्या उद्योजकांनी 'टाय' ही संघटना स्थापन केली. यशस्वी उद्योजकांनी नवोदितांना वेळ द्यावा, हा तिचा गाभा होता. विद्यार्थ्यांच्या पुढाकाराचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या उद्योजकता कक्षाचे आहे. याच संस्थेत २००४ मध्ये 'साइन' हे उद्योगसंवर्धन केंद्र सुरू झाले.

१६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' उपक्रमाचा प्रारंभ झाल्यानंतर या प्रयत्नांना वेग आला. त्याच वर्षी नीती आयोगाच्या अंतर्गत अटल इनोव्हेशन मिशन सुरू झाले. २०१८ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, म्हणजे आजच्या शिक्षण मंत्रालयाने, नवोपक्रम कक्ष स्थापन केला आणि उच्च शिक्षण संस्थांमध्ये नवोपक्रम परिषदा स्थापन करण्यास सुरुवात झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण जाहीर झाले. उद्योगासाठी शिक्षणात काही काळ खंड घेण्याची मुभा, उद्योगाच्या कामाला शैक्षणिक श्रेयांक आणि संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकातील किमान १ टक्का निधी नवोपक्रमासाठी राखून ठेवणे, अशा शिफारशी या धोरणात आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही नवोपक्रम आणि उद्योगसंवर्धनासाठी विद्यापीठ स्तरावर स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.

प्रचलित नमुने

शालेय स्तरावर 'मेंटर ऑफ चेंज' हा अटल इनोव्हेशन मिशनचा उपक्रम महत्त्वाचा आहे. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमध्ये व्यावसायिकांनी आठवड्याला एक ते दोन तास स्वेच्छेने द्यावेत, अशी त्याची कल्पना आहे. अशा १० हजार प्रयोगशाळा देशात स्थापन झाल्या आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा करण्यात आली.

नोंदणीकृत नवउद्योगांसाठी उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने 'मार्ग' हा राष्ट्रीय मार्गदर्शन मंच उभारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवउद्योगांकडून अर्ज मागवण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये मंचाचे औपचारिक उद्घाटन झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नवउद्योग आणि मार्गदर्शक यांची सांगड घालण्याची सोय या मंचावर आहे. जानेवारी २०२५ पर्यंत विभागाने मान्यता दिलेल्या नवउद्योगांची संख्या १ लाख ५९ हजारांवर पोहोचली होती.

या दोन नमुन्यांच्या मध्ये एक मोठा वर्ग उरतो. तो शाळेत नाही आणि त्याची कंपनीही अद्याप नोंदलेली नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात शिकणारा, हाती एखादा नमुना किंवा केवळ कल्पना असलेला विद्यार्थी या वर्गात मोडतो. मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांमध्ये माजी विद्यार्थी त्याच्या मदतीला येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात तशी सोय क्वचितच असते. विद्यापीठ किंवा जिल्हा स्तरावरील ऑनलाइन मंचाची खरी गरज आहे ती येथे.

परदेशातील दोन नमुने अभ्यासण्यासारखे आहेत. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'स्कोर' या संस्थेने निवृत्त अधिकारी आणि उद्योजक यांच्या अनुभवाचा लाभ छोट्या व्यावसायिकांना विनामूल्य मिळवून दिला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २००० मध्ये सुरू केलेल्या सेवेत एका नवउद्योगाला एकच मार्गदर्शक न देता अनेक मार्गदर्शकांचा छोटा गट दिला जातो. मार्गदर्शन करीत असताना त्या उद्योगात स्वतःचा आर्थिक स्वार्थ ठेवू नये, अशी आचारसंहिता तेथे मार्गदर्शकांवर बंधनकारक आहे. पुढे अनेक संस्थांनी ही पद्धत आपापल्या गरजेनुसार स्वीकारली.

वेळेचा हिशेब

मंचाची आखणी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठापासून न करता मार्गदर्शकांच्या उपलब्ध वेळेपासून करावी लागते. समजा, एका मंचावर १०० मार्गदर्शक असून प्रत्येक जण महिन्याला २ तास देतो. एकूण २०० तास झाले. नोंदणी केलेले विद्यार्थी १,००० असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला १२ मिनिटे येतात. प्रत्यक्षात वाटणी इतकी समान होत नाही. नावाजलेल्या दहा जणांकडे विनंत्यांचा ढीग साचतो आणि उरलेल्या नव्वदांना कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे ढीग साचतो ते उत्तर देणे थांबवतात आणि ज्यांना कोणी विचारत नाही ते पुन्हा मंचावर फिरकत नाहीत. विद्यार्थ्याला मात्र एवढेच दिसते की, आपल्याला उत्तर आले नाही.

२०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लॉइड शॅप्ली यांच्यासमवेत मिळालेले अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ यांनी अशा व्यवस्थांसाठी तीन कसोट्या मांडल्या आहेत. दोन्ही बाजूंनी पुरेसे लोक एकाच वेळी उपलब्ध असावेत, विनंत्यांची कोंडी होऊ नये आणि सहभागी होणे सुरक्षित व सोपे असावे. मार्गदर्शनाच्या मंचाला या तिन्ही कसोट्या तंतोतंत लागू पडतात.

पहिल्या कसोटीसाठी वर्षभर केव्हाही नोंदणी खुली ठेवण्याऐवजी ठरावीक तुकड्या घेणे उपयुक्त ठरते. जुलै आणि जानेवारी, म्हणजे सत्रांच्या आरंभी, दोन तुकड्या घेतल्या तर परीक्षांचा काळही टाळता येतो. दुसऱ्या कसोटीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या एका वेळच्या विनंत्यांवर मर्यादा घालावी लागते. एका वेळी तीनच विनंत्या पाठवता येणार असतील, तर विद्यार्थी विचारपूर्वक निवड करतो आणि मार्गदर्शकालाही आलेली विनंती गंभीर असल्याची खात्री पटते. मार्गदर्शकाने दिलेले तास भरले की त्याचे नाव त्या तुकडीपुरते यादीतून आपोआप वगळले जावे. सात दिवसांत उत्तर न आल्यास विनंती रद्द होऊन विद्यार्थ्याला दुसरा पर्याय सुचवला जावा.

नोंदणीत काय विचारावे?

अनेक मंचांच्या अर्जात विद्यार्थ्याला दूरदृष्टी, ध्येय आणि बाजारपेठेचा अंदाज असे व्यापक मुद्दे विचारले जातात. त्यातून ठोकळेबाज उत्तरे मिळतात. त्याऐवजी चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, उद्योगाचा टप्पा : केवळ कल्पना, तयार नमुना, पहिला ग्राहक किंवा नियमित विक्री. दुसरी, क्षेत्र : शेतीपूरक व्यवसाय, खाद्यप्रक्रिया, आरोग्य, सॉफ्टवेअर, वस्त्रोद्योग इत्यादी. तिसरी, संभाषणाची भाषा आणि सोयीची वेळ. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सध्या नेमके कोठे अडले आहे, हे सांगणारी दोन-तीन वाक्ये.

ही शेवटची नोंद योग्य जोडी जुळवण्यासाठी सर्वाधिक उपयोगी पडते. "अन्नप्रक्रिया उद्योगाबाबत मार्गदर्शन हवे" या वाक्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. "आवळा कँडीचे ५० किलो उत्पादन घरगुती स्वरूपात होते, दुकानदार अन्नसुरक्षा परवाना आणि छापील वेष्टन मागतात, दोन्हींचा खर्च कसा बसवावा?" या प्रश्नावरून मात्र कोणत्या अनुभवाचा माणूस लागेल, हे लगेच कळते. कदाचित त्यासाठी मोठ्या कंपनीचा निवृत्त संचालक न लागता जवळच्या शहरातील लहान मसाला कारखान्याची मालकीण अधिक उपयोगी ठरेल.

मार्गदर्शकाच्या नोंदीतही पदव्या आणि पदे यांपेक्षा त्याने प्रत्यक्ष काय केले, याला महत्त्व असावे. कारखाना उभारला, निर्यात केली, बँकेचे कर्ज फेडले, उद्योग बंद करावा लागला, यांपैकी कोणत्या प्रसंगातून तो गेला आहे, हे विचारले पाहिजे. अपयशाचा अनुभवही येथे पात्रता ठरतो. ओळखपत्राची पडताळणी आणि किमान एका परिचिताचा अभिप्राय घेतल्याशिवाय कोणाचेही नाव विद्यार्थ्यांसमोर येता कामा नये.

जोडी जुळवण्याची पद्धत

दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून जोड्या कशा जुळवाव्यात, या प्रश्नाचे गणिती उत्तर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये दिले. त्यांच्या पद्धतीत एक बाजू पसंतीक्रमानुसार प्रस्ताव पाठवते. दुसरी बाजू सर्वोत्तम प्रस्ताव तात्पुरता राखून ठेवते आणि अधिक पसंतीचा प्रस्ताव आल्यास आधीचा सोडून देते. अखेरीस अशी रचना तयार होते की, ठरलेल्या जोड्या मोडून एकमेकांकडे जाण्याची इच्छा असलेले कोणतेही दोघे उरत नाहीत. प्रस्ताव पाठवणाऱ्या बाजूला या पद्धतीचा अधिक लाभ होतो, हेही सिद्ध झाले आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांच्या संयुक्त जागावाटपासाठी २०१५ पासून याच तत्त्वावर आधारित पद्धत वापरली जाते. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तिचा परिणाम अनुभवाने परिचित आहे.

मार्गदर्शनाच्या मंचावर ही पद्धत उपयोगी असली तरी पुरेशी नाही. प्रवेशाची जागा आणि माणसाची साथ यांत फरक आहे. संगणकाने अंतिम जोडी ठरवून टाकण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला तीन नावे कारणांसह सुचवावीत. "या मार्गदर्शकांनी दुग्धव्यवसायात १२ वर्षे काम केले असून त्या मराठी आणि कन्नड बोलतात" असे कारण दिसले की विद्यार्थ्याला निवड करणे सोपे जाते. त्यानंतर अर्ध्या तासाची एक ओळखभेट व्हावी आणि दोघांनी होकार दिल्यावरच जोडी कायम व्हावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पूर्वी यशस्वी ठरलेल्या जोड्यांवरून शिकणारी प्रणाली पूर्वी ज्यांना संधी मिळाली त्यांच्यासारख्यांनाच पुढे करते. पूर्वीच्या यादीत महानगरांतील मुलांचे प्रमाण जास्त असेल, तर विद्यार्थिनी आणि ग्रामीण विद्यार्थी यांच्या विनंत्या मागे पडू शकतात. प्रत्येक तुकडीनंतर कोणत्या गटाला किती दिवसांत उत्तर मिळाले, याची तपासणी माणसाने करणे हाच यावरचा उपाय आहे.

भेटींची शिस्त

जोडी जुळल्यानंतर पहिल्याच भेटीत एका पानाचा समजुतीचा मसुदा दोघांनी मान्य करावा. तीन महिन्यांचा कालावधी, भेटींची संख्या आणि तारखा, संपर्काची मान्य वेळ आणि या काळात साध्य करावयाच्या दोन गोष्टी एवढे त्यात असले तरी चालते. प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थ्याने पाच ओळींची नोंद मंचावर ठेवावी : काय ठरले, पुढील भेटीपूर्वी काय करायचे. नोंद लिहिण्याचे काम विद्यार्थ्याकडेच असावे. त्यामुळे मार्गदर्शकाचा वेळ वाचतो आणि आपण नेमके काय समजलो, हे विद्यार्थ्यालाही तपासता येते.

जोडी न जमल्यास कोणावरही दोष न ठेवता बदलण्याची सोय असावी. विद्यार्थ्याला वडीलधाऱ्या व्यक्तीला "मला दुसरे मार्गदर्शक हवेत" असे तोंडावर सांगणे संकोचाचे वाटते. तो भेटी टाळू लागतो आणि संबंध न सांगता संपतो. तीन महिने पूर्ण झाल्यावर प्रत्येक जोडी आपोआप समाप्त होऊन, दोघांची इच्छा असल्यास नव्याने सुरू व्हावी, असा नियम ठेवल्यास हा संकोच टळतो.

या सर्व कामावर लक्ष ठेवणारा समन्वयक नेमणे अपरिहार्य आहे. भेट झाली का, हे दूरध्वनीवरून विचारणारा माणूस नसेल, तर उत्तम संकेतस्थळही काही महिन्यांत ओस पडते. त्यामुळे खर्चाच्या अंदाजात समन्वयकाच्या वेतनाला सॉफ्टवेअरच्या आधी स्थान मिळाले पाहिजे.

कल्पनेची मालकी आणि कायदा

आपली कल्पना कोणी पळवेल, ही विद्यार्थ्यांच्या मनातील सर्वांत मोठी धास्ती असते. ती सर्वस्वी अनाठायी नाही, परंतु कायद्याची नेमकी स्थिती माहीत नसल्यामुळे ती वाढते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणकाच्या आज्ञावलीला संरक्षण मिळते, केवळ कल्पनेला मिळत नाही. पेटंट अधिनियम, १९७० नुसार निव्वळ संगणक आज्ञावली किंवा व्यवसायाची पद्धत पेटंटयोग्य मानली जात नाही. पेटंटयोग्य शोध असल्यास अर्ज करण्यापूर्वी तो सार्वजनिक झाला, तर त्याच्या नावीन्याला बाधा येऊन हक्क धोक्यात येतो. अशा वेळी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करून १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील सादर करण्याची सोय कायद्यात आहे. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळते.

यावरून मंचाच्या रचनेसाठी तीन नियम निघतात. विद्यार्थ्याची कल्पना सर्वांना दिसेल अशा पानावर कधीही ठेवू नये. सार्वजनिक नोंदीत क्षेत्र आणि अडचण एवढेच असावे. जोडी निश्चित होण्यापूर्वी मार्गदर्शकाने गोपनीयतेचा करार स्वीकारलेला असावा. मार्गदर्शनाच्या काळात त्याने विद्यार्थ्याच्या उद्योगात गुंतवणूक करू नये, हिस्सा मागू नये आणि सेवेचे शुल्क घेऊ नये. नंतर गुंतवणूक करावयाची असल्यास मार्गदर्शकाची भूमिका सोडून, मंचाला कळवून आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र सल्ला घेण्याची संधी देऊनच ती करावी. संस्थेच्या स्वतःच्या हिश्श्याबाबतही विद्यार्थ्याला आधीच माहिती द्यावी. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणानुसार संस्था तिने दिलेल्या साहाय्याच्या प्रमाणात २ ते ९.५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ शकते.

अल्पवयीन विद्यार्थ्यांबाबत अधिक सावधगिरी लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची आणि मुलांवर पाळत ठेवण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. मुलांसंबंधीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची व्यवस्था त्यांत आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न कायद्याच्या कलमांपुरता मर्यादित नाही. पहिल्या काही भेटी मंचाच्याच दृक्‌श्राव्य सोयीतून व्हाव्यात. विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक आणि निवासाचा पत्ता मार्गदर्शकाला आपोआप दिसू नये. तक्रार करण्याचे बटण प्रत्येक पानावर असावे आणि तक्रार मार्गदर्शकांच्या मंडळाकडे न जाता स्वतंत्र समितीकडे जावी. शालेय विद्यार्थ्यांच्या भेटींत शिक्षकाची उपस्थिती असणे इष्ट.

भाषा आणि संपर्काची साधने

उद्योगाचे मार्गदर्शन इंग्रजीतच मिळते, हा समज अनेक विद्यार्थ्यांना नोंदणीपासूनच दूर ठेवतो. हिशेब, उधारी, नफा-तोटा यांची भाषा प्रत्येक बाजारपेठेत स्थानिकच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अटल इनोव्हेशन मिशनला मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ देताना २,७५० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये नवोपक्रमाला चालना देणाऱ्या 'लिपी' या कार्यक्रमाचा त्यात समावेश असून, त्याअंतर्गत विद्यमान उद्योगसंवर्धन केंद्रांमध्ये ३० भाषिक नवोपक्रम केंद्रे स्थापन करण्याचे नियोजन आहे. भाषांतरासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' या शासकीय सेवेचा उपयोगही मंचांना करता येतो.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यांनाही लागू पडतो. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा ग्राहक हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू बोलणारा असू शकतो. त्याला स्थानिक बाजारपेठ जाणणारा एक आणि मातृभाषेत मोकळेपणाने बोलता येईल असा दुसरा, अशा दोन मार्गदर्शकांचा उपयोग होतो. गटमार्गदर्शनाची पद्धत येथे विशेष सोयीची ठरते.

ज्या गावांत संपर्कयंत्रणा अनियमित असते तेथे केवळ दृक्‌श्राव्य भेटीवर अवलंबून राहता येत नाही. साधा दूरध्वनी, ध्वनिमुद्रित संदेश आणि लघुसंदेश यांद्वारेही भेट ठरवता व पूर्ण करता यावी. मंच भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर आणि कमी वेगाच्या जोडणीवर चालला पाहिजे, कारण अनेक विद्यार्थ्यांकडे तेवढेच साधन असते.

यशाचे मोजमाप

मंचांच्या वार्षिक अहवालांत नोंदणीचे आकडे ठळकपणे दिले जातात. त्यांवरून मंच उपयोगी पडला की नाही, हे कळत नाही. त्याऐवजी चार मोजमापे अधिक बोलकी आहेत. पहिल्या विनंतीला सात दिवसांत उत्तर मिळालेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण किती? पहिल्या भेटीनंतर दुसरी भेट झालेल्या जोड्या किती? तीन महिन्यांनंतर विद्यार्थ्याने ठरवलेल्या दोन गोष्टींपैकी किती पूर्ण झाल्या? पुढील तुकडीसाठी पुन्हा नाव देणारे मार्गदर्शक किती? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण पहिली भेट कुतूहलापोटी होते, दुसरी भेट उपयोग जाणवला तरच होते.

उद्योग सुरू न करण्याचा निर्णयही यशात मोजला जावा. ग्राहक नाही, हे घरची शेती गहाण टाकण्यापूर्वी किंवा शिक्षण अर्धवट सोडण्यापूर्वी समजले, तर त्या विद्यार्थ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे मोठे नुकसान टळते. केवळ सुरू झालेल्या कंपन्या मोजणारा मंच मार्गदर्शकांना नकळत उलट दिशेने ढकलतो.

नव्याने मंच उभारू इच्छिणाऱ्या विद्यापीठाने किंवा संस्थेने प्रारंभी एकच जिल्हा, दोन-तीन क्षेत्रे आणि सुमारे ५० जोड्या एवढाच आवाका ठेवणे श्रेयस्कर. एवढ्या जोड्यांवर एक समन्वयक प्रत्यक्ष लक्ष ठेवू शकतो, चुका लवकर ध्यानात येतात आणि नियम बदलणे सोपे जाते. पहिल्या दोन तुकड्यांचा अनुभव हाती आल्यानंतरच विस्ताराचा विचार व्हावा. विनंती पाठवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठरलेल्या मुदतीत होकार, नकार किंवा दुसरे नाव, यांपैकी एक उत्तर निश्चित मिळेल, एवढी हमी देता येण्याजोगा आवाका हीच अशा मंचाची योग्य मर्यादा होय.